कांडपातली घट

सातपूरला आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सतरा वर्षं लोकांचा मसाला कांडून दिला. होळी झाली की डंका सुरू व्हायचा आणि मृग लागेपर्यंत थांबायचा नाही. उरलेलं वर्षभर हळद, धणे, शिकेकाई, असलं किरकोळ काम. डंका म्हणजे फार काही नाही. चार लोखंडी मुसळं, खाली चार उखळं आणि मागे मोटर. मुसळं आळीपाळीने वर जातात आणि आपल्याच वजनाने खाली पडतात. तो आवाज दिवसभर सहन होत असेल आणि मिरचीचा खकाणा नाकात गेला तरी हात थांबत नसेल, तर हा धंदा जमतो. मला जमला. नवरा कंपनीत पाळीवर जायचा आणि त्याची कंपनी दर दोन वर्षांनी बंद पडायच्या गोष्टी करायची. घरात दुसरं काहीतरी चालू असावं म्हणून मी डंका घेतला. हौस वगैरे काही नव्हती.

मसाल्याचा एक रिवाज आहे. बाई आपली मिरची, भाजलेलं खोबरं, धणे, दगडफूल, सगळं घेऊन डंक्यावर येते आणि तिचा मसाला डब्यात भरेपर्यंत समोरून उठत नाही. नाकाला पदर लावून, खोकत, डोळे पुसत बसते. वर्षभराचा मसाला असतो, त्यासाठी पैसे बाजूला टाकलेले असतात. नजरेआड केला तर कोण कधी मूठ मारेल, याची प्रत्येकीला धास्ती. पहिली दोन वर्षं माझ्याही शेडमध्ये बायका अशाच पहाऱ्याला बसायच्या. घरात ठसका नको म्हणून मिरच्यांचे देठसुद्धा तिथेच बसून खुडायच्या.

मग हळूहळू त्या उठायला लागल्या. पहिली उठली ती आमच्या मागच्या गल्लीतली शाळेतली बाई. तिची सकाळची शाळा असायची. एके दिवशी डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, मी दुपारी घेऊन जाते. बाकीच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. दुपारी तिने डबा उचलला, झाकणही उघडलं नाही. तिचं बघून इतर जणी डबे ठेवून जायला लागल्या. डब्यावर खडूने खूण करायची आणि निघायचं. चार-पाच वर्षांत माझ्या शेडमध्ये पहाऱ्याला कोणी बसेनासं झालं. आसपास तीन-चार डंके होते, तिथे बाकडी भरलेली असायची. माझं बाकडं रिकामं असायचं, आणि त्या रिकाम्या बाकड्याचा मला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाही नव्हता.

सायखेड्याहून एक मावशी यायच्या. तीन भावांच्या घरांचा मसाला मिळून सात-आठ किलो. सकाळच्या एसटीने यायच्या, डबे टाकायच्या आणि रविवार कारंजावर बाजाराला निघून जायच्या. सायखेड्यात गिरणी होती, निफाडला डंके होते. एकदा मी विचारलं, एवढ्या लांब कशाला येता? त्या म्हणाल्या, "तिकडं बसून राहावं लागतं. माझी कंबर हाय का बसायजोगी?" कौतुक एवढंच.

आमच्या धंद्यात घट असते. किलोभर माल कांडला की किलोभर मसाला येत नाही. मिरचीत ओल असते ती मुसळाच्या उष्णतेने उडते, थोडा खकाणा हवेत जातो, थोडं उखळाच्या बुडाला चिकटून राहतं. किलोमागे चाळीस-पन्नास ग्रॅम जातातच. आम्ही कांडणारे हे जाणतो, ज्यांच्या घरी धान्य वाळवतात ते जाणतात. शहरातल्या बायकांना कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण विचारायची वेळच आली नव्हती. मालाचं वजन घरून दुकानदाराच्या हिशेबाने करून आणायच्या, कांडल्यावर परत कोण मोजणार?

दोन हजार सालाच्या पुढेमागे बस थांब्याजवळ एक नवं दुकान सुरू झालं. डंका नव्हे, पल्वरायझर. वरून माल टाकला की खाली दहा मिनिटांत भुकटी. गाळ्यात पंखा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्यायला गार पाणी. मालक तिशी-पस्तिशीतला, बोलायला गोड. येणाऱ्या प्रत्येकीला ताई म्हणायचा. मी किलोला आठ रुपये घेत होते. त्याने पाच लावले.

पहिल्या मोसमात माझं निम्मं काम गेलं. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. तीन रुपये म्हणजे तीन रुपये. मी तरी पेठेत भाजी घेताना काय करते? पण पाच रुपयांत त्याचं भागतं कसं, हे मला कळेना. गाळ्याचं भाडं, माझ्यापेक्षा मोठी मोटर, विजेचं बिल. मी कागदावर मांडून पाहिलं, पाच रुपयांत विजेचंच जेमतेम सुटत होतं. नवरा म्हणाला, तूही पाच कर. मी म्हटलं, पाचमध्ये कांडण्यापेक्षा शेड भाड्याने देऊ. मग तो म्हणाला, तो कुठूनतरी काढत असणार.

ते माझ्या डोक्यात बसलं. कुठून काढणार? मालातून. प्रत्येकीच्या डब्यातून मूठभर काढायची, साठवायची आणि पुड्या बांधून विकायची. आमच्या धंद्यातली ही जुनी चोरी आहे, त्यासाठी तर बायका समोर बसतात. मी काही पाहिलं नव्हतं, कोणी मला सांगितलं नव्हतं. तरी मी येणाऱ्या प्रत्येकीला बोलून दाखवायला लागले, की तिथे मूठ मारतात, म्हणून त्याला परवडतं. आणि नुसतं बोलून थांबले नाही. एक तराजू विकत आणला, शेडच्या दारात टांगला आणि पाटी लावली, माल मोजून द्या, मसाला मोजून न्या. मला वाटलं, बायकांना मोजायची सवय लागली की त्या तिकडेही मोजायला मागतील आणि त्याची चोरी आपोआप उघडी पडेल.

सतरा वर्षांत मी केलेला हा एकच मोठा मूर्खपणा. घट मला माहीत होती. रोज डोळ्यांनी बघत होते. पण ती मी चोरीत धरतच नव्हते, त्यामुळे दुसरं कोणी धरेल हे डोक्यातच आलं नाही.

बायकांना तराजू आवडला. त्यांनी तिकडेही मागितला. त्याने आठ दिवसांत आकडे लाल रंगात उमटणारा काटा आणून ठेवला. आणि त्याच्याकडे दोन किलो दिलं की दोन किलो परत यायला लागलं. बरोब्बर. माझ्याकडे एक किलो नऊशे.

शाळेतली बाई दोन्हीकडे जाऊन आली. तिच्या बहिणीचा मसाला तिकडे होता, तिचा माझ्याकडे. माझ्या तराजूवर डबा ठेवून तिने दोनदा मोजायला लावलं. मी तिला घट समजावून सांगितली, ओल, खकाणा, उखळाचं बूड. तिने सगळं ऐकून घेतलं, वर्गात मुलाचं ऐकतात तसं.

"मग त्यांच्याकडे का नाही घटत?"

 मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण घटायला पाहिजे.

"अकरा वर्षं मी मोजलं नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर टाकून जात होते मी."

एवढंच बोलून तिने डबा उचलला. त्या दिवशी शेडमध्ये आणखी तिघी होत्या. त्यातली एक बाकड्यावर जाऊन बसली, माझ्या समोर, पदर नाकाला लावून. मी तिचा मसाला कांडला. ती पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मला रडू वगैरे आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना म्हणून मी मोटर बंद करून अर्धा तास उखळं पुसत बसले.

त्यानंतरच्या महिन्यात मला कळलं की त्याच्याकडे का घटत नाही. बऱ्याच बायका मिरच्यांचे देठ अजूनही शेडमध्येच खुडून मग डबा मोजून ठेवायच्या, त्यामुळे आमच्याकडे देठांचा ढीग पडायचा. पूर्वी मी ते पाणी तापवायच्या बंबात घालायचे. तराजू टांगल्यावर थोड्याच दिवसांपासून एक सायकलवाला शनिवारी येऊन ते पोत्यात भरून न्यायचा, पोत्याचे पाच रुपये द्यायचा. वीटभट्टीवर लागतात म्हणाला. मी कशाला जास्त विचारते? कचरा जात होता, वर पैसे येत होते. मी स्वतः पोत्याचं तोंड जुन्या साडीच्या काठाने बांधून द्यायचे.

एका शनिवारी मी बस थांब्याकडून घरी येत होते. त्या गाळ्याच्या मागच्या बोळात ती सायकल उभी होती आणि दाराशी माझी दोन पोती होती, माझ्या साडीच्या काठाने बांधलेली. दार उघडं होतं. आत एक पोतं रिकामं करून देठ पल्वरायझरमध्ये घालायचं चाललं होतं. शेजारी पातेल्यात तयार भुकटी होती, मातकट तांबडी. किलोमागे जेवढं उडतं तेवढी ती टाकायची. लाल आकडा पुरा. वर दुसरं काय काय करत होता ते मला माहीत नाही. पण वजनाचं कोडं सुटलं होतं, आणि त्यातला माल मीच पुरवत होते.

मी समोरून दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मी सरळ विचारलं, देठ घालता का मसाल्यात. तो लाजला नाही, घाबरलाही नाही. खुर्ची पुढे केली, पाणी घेता का विचारलं. मग म्हणाला, "ताई, मी आलो तेव्हा कोणी मोजत नव्हतं. जेवढं निघेल तेवढं देत होतो, तुमच्यासारखंच. बायकांना काटा तुम्ही शिकवलात. आता त्यांना वजन पाहिजे, तर मी वजन देतो."

मी उठून आले. तो खरं बोलत होता. म्हणजे आधी मूठ मारत नव्हता हे खरं असेलच असं नाही. पण काटा मी शिकवला होता, हे खरंच होतं.

घरी येऊन पहिल्यांदा मी मागच्या गल्लीत गेले आणि शाळेतल्या बाईला सगळं सांगितलं, पोती, बोळ, भुकटी. ती दारातच उभी होती, आत या म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "आधी तुम्ही सांगितलंत ते मूठ मारतात. ते निघालं नाही. आता देठ. पुढच्या महिन्यात काय सांगाल?" तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. मीच खोटी तक्रार आधी करून ठेवली होती, आता खरी कोण ऐकणार? आणखी दोघींना सांगितलं. त्यातली एक हसली, दुसरीने विषय बदलला. पाच रुपयांत पुरं वजन मिळत असताना ते खोटं आहे हे ऐकायला कोणाला आवडतं?

पुढच्या होळीला माझ्याकडे एकूण अकरा डबे आले. पूर्वी तेवढे एका सकाळी यायचे. नवऱ्याच्या कंपनीने त्या वर्षी खरंच लोकांना घरी बसवायला सुरुवात केली होती, त्याचं नाव यादीत नव्हतं, पण पुढच्या यादीत असेल असं सगळे म्हणत होते. एकदा जेवताना तो म्हणाला, देठ काही विष नाही. मिरचीचंच आहे. मूठभर टाकलं तर कोणाचं काय जातं? मी म्हटलं, मसाल्याचा रंग जातो, चव कडसर होते, चार महिन्यांत वास मरतो. तो म्हणाला, ते लोकांना कळतंय का? कळत असतं तर तिकडे गेले असते का?

मी वाद घातला नाही. बोळात पाहिल्यापासून मी सायकलवाल्याला पोतं देत नव्हते, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागायला आला तेव्हाही दिलं नाही. देठ निवडून वाळवले, कांडले, चाळले आणि एका झाकणाच्या डब्यात भरून बाकड्याखाली ठेवले. दर पाच रुपये केला, शेडला भाडं नव्हतं, काम वाढलं की जेमतेम भागणार होतं. हे मी कोणाच्या दबावाखाली केलं असं म्हणणार नाही. नवऱ्याने सुचवलं, हात माझे होते.

बायका परतल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. डंक्याच्या मसाल्याला चव वेगळी असते हे त्यांना ठाऊक होतं, तिकडे वजनासाठी आणि पैशासाठी गेल्या होत्या. आता माझ्याकडे दोन्ही मिळत होतं. शाळेतली बाईसुद्धा आली. तराजूवर डबा ठेवला, काटा मधोमध उभा राहिला. ती म्हणाली, "बघा, मनात आणलं की जमतं की नाही?" मी म्हटलं, हो. तिने दुसऱ्या खेपेला डबा ठेवला आणि पूर्वीसारखी शाळेला निघून गेली. तिचा विश्वास परत बसला होता. ती गेल्यावर मी तिच्या मसाल्यात शंभर ग्रॅम देठ घातले.

  दोन-चार दिवसांत ते कामातलं एक काम होऊन गेलं, उखळ पुसावं तसं.

सायखेड्याच्या मावशी मधल्या सगळ्या वर्षांत येतच होत्या. त्यांना ना पल्वरायझरचं कौतुक होतं ना तराजूचं. घटीवरून बायका तुटल्या त्या वर्षीही त्यांनी डबे उचलून बघितले आणि म्हणाल्या, कांडलं की घटायचंच. त्यांच्या मालात मी देठ घालणार नाही हे मी आधीच ठरवलं होतं. त्यांची मिरची त्यांच्या रानातली असायची, कडक वाळवलेली, देठ घरूनच खुडलेले. त्यांचं काम मी सकाळी सगळ्यात आधी घ्यायचे.

मी देठ घालायला लागले त्या वर्षी त्यांच्याबरोबर धाकटी सून आली. नवी होती, चटपटीत. डबे उतरवतानाच तिने तराजूवर ठेवायला सांगितलं. सात किलो आठशे भरलं. ती म्हणाली, परत नेताना पण मोजून द्या हं, आमच्यात दोन्ही जावा विचारणार, आन मागं कमी भरलं व्हतं म्हणत्यात. मावशी तिला म्हणाल्या, चल, बाजार उरकू आधी. दोघी गेल्या.

मी कांडलं. चाळलं. मोजून पाहिलं. सात किलो चारशेच्या आसपास आलं, म्हणजे जसं यायला पाहिजे तसंच. मावशींना ते कळलं असतं. सुनेला कळलं नसतं. ती घरी जाऊन सांगणार, सातपूरच्या बाईने चारशे ग्रॅम मारले, आणि तीन घरं तिचं ऐकणार. मी बाकड्याखालचा डबा काढला. मला वाटलं मावशी काही बघणार नाहीत. त्या कधीच बघत नव्हत्या.

दुपारी दोघी आल्या. सुनेने डबे एकेक करून तराजूवर चढवले. सात किलो आठशे. ती खूश झाली, सासूकडे बघून म्हणाली, बघा आत्या, उगाच बोलत व्हत्या दोघी जावा.

मावशी तराजूकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एका डब्याचं झाकण काढलं, चिमूट घेतली आणि तळहातावर अंगठ्याने चोळली. तोंडात घातली नाही. तळहात उन्हाकडे धरून बघितला.

"पोरी, मिरची आमची चांगली वाळल्याली हुती ना?"

"हो," मी म्हटलं.

"आन धनं, खोबरं भाजून आणलं हुतं."

"हो."

"मग औंदा घट कशी नाय?"

मी तराजूची पारडी पुसायला लागले. सून आमच्या दोघींकडे बघत होती, तिला वाटलं सासू कौतुकच करतेय. मावशींनी हात पदराला पुसला. पैसे दिले, दर विचारला नाही, घासाघीस केली नाही, दरवर्षी करायच्या. सुनेला म्हणाल्या, उचल डबे, गाडी चुकंल. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं असतं तर कदाचित मी काहीतरी सांगितलं असतं. पण मी काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही, तेव्हा वळल्या नाहीत तेच बरं झालं.

त्यानंतर मी आणखी तीन मोसम डंका चालवला. गिऱ्हाईक चांगलं होतं. मग तयार मसाल्याच्या पुड्या सगळीकडे मिळायला लागल्या, भारनियमन वाढलं आणि मी शेड एका वेल्डिंगवाल्याला भाड्याने दिली. त्या पल्वरायझरवाल्याने त्याआधीच गाळा सोडला होता, कुठे गेला ते मी विचारलं नाही.

मावशी पुन्हा आल्या नाहीत. एक-दोन वर्षांनी आमच्या गल्लीत सायखेड्याची एक बाई भाजीची पाटी घेऊन यायला लागली. मावशींच्या घरची तिला माहिती होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्यांचा मसाला हल्ली कुठे कांडतात? ती म्हणाली, घरीच, म्हातारीनं दगडी उखळ काढलंय पार माळ्यावरनं, आन सुनांना बसवती मार्च महिन्यात. सुना लय शिव्या घालत्यात. कोणाला घालतात ते तिने सांगितलं नाही. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि भाव केला.